दस्तगिरी

इंजिनाचं झाकण निघालं तेव्हा आधी वास आला. सरकीची पेंड पावसात भिजून पुन्हा वाळावी तसा, आंबूस आणि थोडा जळका. किती वर्षं कोंडून पडलेल्या तेलाचा तो वास होता. गोठ्यात आता गुरं नाहीत. गव्हाणीत जुने नांगर, फवारणीचे पंप, फाटलेली कापसाची पोती पडलेली असतात. तरी त्या वासासरशी मला वाटलं, कुणीतरी दारातून आत येऊन उभं राहिलं आहे.

चेतन, माझा नातू, हैदराबादेत नोकरीला आहे. मेलेल्या मोटारसायकली जिवंत करायचा त्याला नाद. दरवर्षी तो सुट्टीत गावी, तलमडुगूला येतो आणि गोठ्यातल्या कडब्यामागची इंग्रजी गाडी मागतो. दरवर्षी मी म्हणायचो, राहू दे, तिच्यात काही राहिलं नाही. यंदा मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

त्यानं काम मात्र नीट केलं. झाकण गरम वाफेनं तापवलं, रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोकलं, घाई केली नाही. झाकण हातात घेऊन तो उजेडात गेला, रॉकेलच्या फडक्यानं पुसलं आणि मला हाक मारली.

"आबा, हे पाहा न इकडं."

मी न पाहताही सांगू शकलो असतो. खालच्या कोपऱ्याशी, शेवटच्या स्क्रूच्या भोकाजवळ, एक चीर. नखानं साय ओरखडावी तशी. इंजिनाचं धड आणि त्याचं झाकण जिथं एकमेकांना टेकतात ती कड आरशासारखी सपाट लागते. मधे तेलात भिजलेला जाड कागद असतो, पॅकिंग म्हणतात त्याला. कड सपाट असली तर कागद तेल अडवतो. कडेला चीर असली तर कागद बिचारा काय करणार?

"कोणीतरी पेचकस घालून उचकटलं आहे," चेतन हसत म्हणाला. "पक्की दस्तगिरी!"

हा शब्द तुम्हाला कुठल्या कोशात सापडणार नाही. आमच्या घरात मात्र तो रोजचा आहे. शिंप्यानं बाही उलटी लावली की सूनबाई म्हणते, काय दस्तगिरी करून ठेवली. नळवाल्यानं नळ बसवला आणि रात्रभर थेंब पडत राहिले की माझा मुलगा म्हणतो, दस्तगिरी. एके काळी आदिलाबादच्या बाजारातही हा शब्द चालायचा. बिघडवून ठेवलेलं काम म्हणजे दस्तगिरी. चेतनला वाटतं, दादागिरीसारखाच असेल एखादा शब्द. तो एका माणसाच्या नावावरून आला हे त्याला ठाऊक नव्हतं. तो माणूस मी ओळखत होतो, आणि त्याच्या नावाचा हा अर्थ कसा झाला हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

*

आदिलाबादला तहसील कचेरीच्या मागं चिंचेखाली पत्र्याची शेड होती. तिच्यात दस्तगीर मिस्त्री बसायचा. उंच, काटकुळा, डोळ्यांत सुरमा, आणि केसांना इतकं खोबरेल की पेट्रोलच्या वासातूनही ते वेगळं कळायचं. नखांत मात्र कायम काळं. हात कितीही धुतले तरी ती काळी किनार जायची नाही आणि त्याला ती जायला नकोच होती. जेवताना तो बोटं अशी धरायचा, जणू अंगठ्या दाखवतो आहे.

मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि रात्री कंदिलाखाली पाठ करून कमावलेली इंग्रजी. त्या इंग्रजीचा मला फार तोरा होता. काम संपलं की मी शेडकडे जायचो. हीच गाडी, तेव्हा कचेरीची, मला ओढून न्यायची. लढाई संपल्यावर सैन्यानं टाकलेल्यांपैकी ती एक होती. हिरव्या रंगाखाली अजून एक हिरवा रंग, आणि सुरू झाली की चिंचेवरचे बगळे उडायचे.

"काय करून राह्यले मिस्त्री?" मी विचारायचो.

"दिखता नै क्या मियाँ? दुल्हन के पाँव धो रहूँ. तुमी जाव, कलम घिसो."

"एक खेप मले खोलू द्या न."

"खोलना कोई भी खोलता. चोर भी खोलता. बंद करके दिखाव, फिर बात करो."

मग आम्ही दोघं हसायचो.

झाकण काढायची त्याची एक रीत होती. गरम पाण्यात गोणपाट बुडवायचं, पिळून झाकणावर घालायचं आणि बिडी पेटवायची. "छोड दे बेटा, छोड दे," असं म्हणत शिसवी मोगरीनं हळूच ठोकत राहायचं. आवाज आधी ठण ठण यायचा. मग केव्हातरी तो बदलायचा, जरा भसाडा व्हायचा. तो बदल मला ऐकू यायचा नाही, त्याला यायचा. मोगरी खाली ठेवून तो नुसते हात पुढं करायचा आणि पिकलेलं सीताफळ उलावं तसं झाकण त्याच्या हातात येऊन बसायचं.

त्यानंतर काच. हुजूरचं, म्हणजे आमच्या बादशहाचं, राज्य गेलं, हैदराबाद हिंदुस्थानात सामील झालं, तेव्हा कचेरीच्या भिंतीवरची त्यांची मोठी तसबीर उतरवली होती. चौकट कुणी नेली, चित्र कुणी नेलं, कोण जाणे. काच मिस्त्रीकडे आली. त्यानं ती सागवानी फळीवर बसवली. काचेवर तेलात कालवलेली कपड्यांची नीळ फासायची, त्यावर झाकण उपडं टेकवायचं आणि उचलून पाहायचं. जिथं नीळ लागली तो उंचवटा, जिथं नाही लागली तिथं खोल. मग पॉलिशपेपर घेऊन उंचवटे घासायचे, पुन्हा टेकवायचं, पुन्हा घासायचं, सगळीकडे सारखी नीळ येईपर्यंत.

"बादशाह की काँच है मियाँ," तो म्हणायचा. "सबकू बराबर करती."

पॅकिंगचा कागदही कचेरीतलाच. जहागिरी गेल्या तशी त्यांच्या नकाशांची गुंडाळी रद्दीत पडली होती. जाड, पाठीला कापड लावलेला कागद. मिस्त्री तो झाकणावर धरायचा आणि गोल हातोडीनं कडेकडेनं टकटक टकटक करत जायचा. कात्री नाही, पातं नाही. झाकणाची कडच कागद कापायची. खाली उर्दू अक्षरांचे तुकडे पडायचे. कुणाची तरी शेतं, कुणाचे ओढे, कुणाचे आंबे. पाखरं ते तुकडे उचलून चिंचेवर न्यायची.

आणि त्याचं ते 'परसों'.

आमच्या भागातल्या दखनी बोलीत परसों म्हणजे परवाच असं नाही. जो दिवस गेला तो परसों. मिस्त्रीची मुलगी डबा घेऊन यायची, चांगली उंच झालेली, आणि तो म्हणायचा, "परसोंच तो शादी हुई मेरी." बाप वारला तो परसों, लढाई संपली ती परसों, पायाला विंचू चावला तोही परसों.

"मिस्त्री, तुमचं परसों लय लांब राह्यते बा," मी चिडवायचो.

"मियाँ, कल का हिसाब तहसील रखती. परसों का अल्ला."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. त्याचं परसों म्हणजे काय ते मला माहीत होतं. कचेरीत माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

*

छप्पन सालचा पावसाळा संपत आला होता. कुठला तालुका कुठल्या राज्यात जाणार याचीच बोलणी सगळीकडे. किनवट, राजुरा तिकडं मराठी राज्यात जाणार, आम्ही इकडं तेलुगूत राहणार. कचेरीत कागदांचे ढीग भाषेप्रमाणं वेगळे होत होते आणि माणसंही. जेवायच्या सुट्टीत सगळे एकमेकांना एकच विचारायचे, तू कुठं? धूळ, जुनी शाई, ढेकूण मारायच्या औषधाचा वास. पितळेच्या कुलपांचे आवाज. मिसल, पेशी, गिरदावर हे कचेरीचे उर्दू शब्द तेवढे तसेच राहिले, बोलणारे बदलले.

साहेब नवे होते, समुद्राकडचे. तेलुगू आणि इंग्रजी येत होतं, उर्दूचं अक्षर नाही. मिस्त्रीशी बोलायचं झालं तर मला बोलावत. मी मधे उभा राहायचो आणि इकडचं तिकडं करायचो. त्या उभं राहण्यात मला किती सुख होतं ते आज सांगायला लाज वाटते.

साहेबांना ती मोटारसायकल आवडली. जीप सोडून ते तिच्यावर दौरा करायला लागले. एका सोमवारी इंजिनातून टकटक यायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नेरडीगोंड्याकडे जायचं होतं. मिस्त्री थंडीतापानं पडला होता. त्या दिवसांत आमच्याकडे तो ताप घरोघर होता. तापानं माणसं पिवळी व्हायची, त्यावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी कान दिवसदिवस वाजायचे. साहेब व्हरांड्यात येऊन म्हणाले, कुणी पाहील का? आणि मी इंग्रजीत म्हणालो, "आय विल सी, सर."

शेडमध्ये मी एकटा. चिंचेचा पाला पत्र्यावर पडत होता. स्क्रू सगळे निघाले, झाकण काही सुटेना. मी गोणपाट भिजवलं, पण पाणी पुरतं तापलं नव्हतं. मोगरीनं ठोकलं. ठण ठण, नुसतं ठण ठण. व्हरांड्यातून साहेबांचा आवाज आला, झालं का? मी पेचकस घेतला, फटीत टेकवला आणि पिळला.

बारीकसा आवाज झाला, कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा. झाकण सुटलं. तो धातू किती मऊ असतो हे मला तेव्हा कळलं.

आत मला काय कळणार होतं? इकडं तिकडं पाहिलं, एक नट घट्ट केला. जुना कागद फाटला होता म्हणून नकाशाचा तुकडा घेतला आणि कात्रीनं कापला. चीर दिसत होतीच. मिस्त्री पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं की तिथं साबण घासायचा आणि टाकी गळायची थांबायची. ते मी पाहिलेलं. मी साबणाची वडी घेतली आणि चीर भरून काढली. पेट्रोलला साबण चालतो, तापलेल्या तेलाला चालत नाही, हे विचारायला मिस्त्रीच्या घरी जायला हवं होतं. दहा घरं टाकून तर त्याचं घर. मी गेलो नाही.

गाडी सुरू झाली. टकटक कमी झाल्यासारखी वाटली. साहेब म्हणाले, "गुड."

दुसऱ्या दिवशी नेरडीगोंड्याच्या अलीकडे, सागाच्या जंगलातल्या उतारावर, तेल संपून इंजिन जाम झालं. मागचं चाक जागीच अडकलं. साहेब रस्त्यावर आणि गाडी त्यांच्या पायावर. बैलगाडीतून त्यांना आणलं. गाडी दुसऱ्या बैलगाडीतून आली, अख्ख्या एका बाजूला तेलाची काळी रेघ घेऊन.

बुधवारी व्हरांड्यात खुर्ची मांडली. साहेबांचा पाय बांबूच्या पट्ट्यांत बांधून स्टुलावर ठेवलेला. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी येणार होती, पण त्यांना आधी उत्तर हवं होतं. मिस्त्रीला अंथरुणातून बोलावलं. घोंगडी गुंडाळून तो खांबाला धरून उभा राहिला. केस कोरडे होते. त्याचे केस मी पहिल्यांदा कोरडे पाहिले.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, इंजिन शेवटचं कधी उघडलं होतं?

मी मिस्त्रीला विचारलं, "मिस्त्री, इंजन आखरी कब खोले थे?"

कानामागं हात धरून त्यानं पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाला, "परसोंच तो खोल्या था मियाँ. बराबर बंद कर्या. माँ कसम."

पावसाळ्याआधी उघडलं होतं त्यानं. मी तिथंच बसलो होतो. झाकण काचेवर घासताना त्यानं मला कैरी कापून दिली होती, मीठ लावून.

मी म्हणालो, "डे बिफोर यस्टरडे, सर."

त्यात खोटं काय होतं? शब्दाला शब्द बरोबर होता. साहेबांनी मान वर केली.

"मंडे?"

तिथं थांबता आलं असतं. नो सर, इतकंच. व्हरांड्यात सगळी कचेरी उभी होती. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही याची नावं त्याच आठवड्यात ठरत होती.  मी नुसती मान डोलावली.

मग साहेबांच्या सांगण्यावरून मी मिस्त्रीला म्हणालो, "साब बोल रहे, सोमवार कू तुमीच खोले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुणीतरी लांबून हाक मारली आणि ऐकू आली नाही, तसं. करंगळी कानात घालून हलवली.

"सोमवार?" तो म्हणाला. "बुखार था मेरेकू... होएंगा. खोल्या होऊँगा."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, जानबूझके. त्या दिवसांत त्याच्यासारख्या मुसलमानी नावाच्या माणसाला नुसती चूक करायची सोय नव्हती. चूक केली की तिच्यामागं हेतू शोधायचे. तो शब्द व्हरांड्यातून अंगणात गेला, अंगणातून बाजारात. मिस्त्रीला काढून टाकलं. तुरुंगात घातलं नाही याबद्दल लोक साहेबांना भला माणूस म्हणाले, आणि ते होतेही. ते मग लंगडतच बदलून गेले. महिना उलटायच्या आत कचेरीतल्या एकानं सांडलेल्या शाईकडे पाहून म्हटलं, ही काय दस्तगिरी! सगळे हसले. मीही हसलो.

दस्तगीर म्हणजे हात धरणारा. पडत्या माणसाला हात देणारा. उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. कचेरीत आम्ही सगळेच उर्दू शिकलेले होतो.

*

गाडी लिलावात निघाली तेव्हा मी घेतली. लोक म्हणाले, या पोराला नाद आहे गाडीचा. खरं कारण वेगळं होतं. दुसरा कुणी ती उघडेल, चीर पाहील आणि म्हणेल, दस्तगीरच्या हातची ही चीर असूच शकत नाही, याची भीती. तलमडुगूला आणून मी ती कडब्यामागं ठेवली. कडबा संपत आला की नवा रचायचो. ज्वारी काढल्यानंतरचा तो गोड, धुळकट वास आणि त्याच्या मागं लोखंड. पुढं लग्न झालं, मुलं झाली, बढत्या मिळाल्या. गाडीला मी हात लावला नाही.

काही वर्षांनी कामानिमित्त मंचेरियलला गेलो होतो. परतीसाठी स्टेशनात उभा होतो. हवेत कोळशाची भुकटी, जिभेवर तिची चव. फलाटाच्या टोकाला शेगडी घेऊन एकजण शेंगा भाजत होता. पाळीवरून सुटलेले खाणकामगार त्याच्याभोवती. गर्दी हटली आणि त्यानंच मला आधी ओळखलं.

"अरे मियाँ! मोटे हो गए."

मिस्त्री म्हातारा झाला होता. पण मी पाहत होतो ते त्याच्या हातांकडे. त्या गावात सगळ्यांचे हात काळे होते, आणि त्याची नखं स्वच्छ. काळी किनार गेली होती. धुतलेल्या तांदळासारखी पांढरी नखं.

"इंजिन नाही करत आता?" मी विचारलं. "इथं तर खाणीत इतकी यंत्रं आहेत."

"नक्को मियाँ. हात का भरोसा गया." त्यानं शेंगा परतल्या. "बुखार में क्या खोल्या, कैसा बंद कर्या, कुछ याद नै. बहुत सोच्या. एक बार लगता, नै खोल्या. फिर लगता, सब लोगाँ झूठ कायकू बोलेंगे?" मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साब का पाँव कैसा है? चलते क्या अब?"

"चालतात," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.

"शुक्र है," तो म्हणाला. आणि कागदाच्या पुडीत गरम शेंगा भरून त्यानं माझ्या कोटाच्या खिशात सारल्या.

गाडी आली म्हणून बोलणं राहिलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. गाडी आली होती हे खरं. पण इंजिनाला पाणी भरायचं होतं, ती बराच वेळ उभी होती. मी डब्यात चढून खिडकीशी बसलो होतो. तो फलाटावरून हात हलवत होता. सुटेपर्यंत मी शेंगा सोलत होतो. खिशातून मांडीला ऊब लागत होती.

पुन्हा गेलो तेव्हा ती शेगडी तिथं नव्हती. चहावाला म्हणाला, म्हातारा गेला. कधी? त्यानं हात हलवला. "परसों."

मुलीचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. ती काच कुठं गेली, मोगरी कुणी नेली, काही कळलं नाही. चिंच रस्ता रुंद करताना तोडली.

*

हे सगळं मी चेतनला गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. दुपार होती. बाहेर कापूस वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या. त्याच्या हातात पॅकिंगचा तो जुना कागद होता, तेलानं तांबूस झालेला. कड कात्रीनं कापलेली, सरळ, ओबडधोबड. एका टोकाला उर्दू अक्षरं शाबूत होती.

"काय लिहिलं आहे, आबा?"

मी डोळ्यांजवळ नेलं. "गावाचं नाव आहे. पुढचं अर्धं कापलं गेलं."

त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन जपून उंबऱ्यावर ठेवला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "जाऊ द्या न आबा. तुम्ही काय मुद्दाम केलं? आणि ही काय परवाची गोष्ट आहे?"

"हो," मी म्हणालो. "परवाचीच."

मग मी त्याला म्हटलं, ही चीर मला दुरुस्त करू दे. त्यानं दोन नळ्यांतली पेस्ट कालवून दिली, करड्या रंगाची, लोखंडाचा चुरा घातलेली. मी ती काडीनं चिरेत भरली. वाळायला ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं जाड काच आणली, खाटेवर फळी, फळीवर काच, काचेवर ओला पॉलिशपेपर. झाकणाच्या सगळ्या कडेला मार्करनं निळ्या रेघा मारल्या. "या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. जिथं रेघ उरेल तिथं अजून खोल आहे. आठचा आकडा काढत फिरवा, आबा."

"कोणचा आठ? मराठी, उर्दू, का तेलुगू?"

"इंग्रजी!" तो हसला.

मी फिरवायला लागलो.  आठ बिघडत होता, झाकण एका अंगाला कलत होतं. तेव्हा त्यानं मागून येऊन माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि आम्ही दोघं ते झाकण फिरवत राहिलो. करकर, करकर. ओल्या धातूचा वास. बोटं काळी झाली. दाब कमी, म्हणायचा तो, जरा कमी. रेघा एकेक करून गेल्या. खालच्या कोपऱ्यातली तेवढी राहिली.

त्याचा फोन वाजला. त्याच्यासारखाच नाद असलेला कुणी मित्र. हात काळे म्हणून त्यानं फोन आवाज मोठा करून खाटेवर ठेवला.

"झालं का रे झाकण?" तिकडून विचारलं. "तू फोटो धाडला होता, बेकार चीर होती."

"घासून राह्यलो आता," चेतन म्हणाला. "येईल सपाट."

"कोणाची रे ती दस्तगिरी? तुमच्याकडचाच शब्द तो. कोण होता मिस्त्री?"

चेतनचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर विचारत होती, आणि मला सुटायची वाटही दाखवत होती. कुणीतरी होता, म्हटलं तरी चाललं असतं.

मी मान डोलावली, सांग म्हणून.

"मिस्त्री नव्हता," चेतन फोनकडे वाकून म्हणाला. "मिस्त्रीनं तिथं पेचकस लावलाच नव्हता. आमच्या आबांनी लावला होता."

तिकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. "आबांची दस्तगिरी!" तो म्हणाला. "भारी!" आणि हसतच राहिला.

चेतन हसला नाही. त्यानं बोटाच्या मागच्या बाजूनं फोन बंद केला. मी झाकण उलटं करून पाहिलं. कोपऱ्यातली निळी रेघ अजून होती. ते पुन्हा काचेवर टेकवलं आणि घासायला लागलो.